घरचा संगणक : एक प्रिंटर, सगळ्यांचा



घरात लॅपटॉप दोन, जुना डेस्कटॉप एक, मोबाईल चार आणि प्रिंटर मात्र एकच. हे चित्र रायपूरच्या शंकर नगरात दिसतं, तसंच नागपूरच्या धरमपेठेत आणि पुण्याच्या कोथरूडमध्येही दिसतं. त्यात वावगं काही नाही. प्रिंटर म्हणजे काही प्रत्येकाचा वेगळा असायला टूथब्रश नव्हे. पाटा-वरवंट्यासारखा तो घराला एक पुरतो.

अडचण होते ती वेगळ्याच कारणाने. प्रिंटर असतो घराचा, पण तो बांधलेला असतो एकाच्या संगणकाला. मग आजोबांना पेन्शनचा कागद हवा असेल, तर नातू क्लासहून येईपर्यंत थांबायचं. ताईला व्यापमच्या परीक्षेचं प्रवेशपत्र छापायचं असेल, तर पेनड्राइव्ह घेऊन दादाच्या खोलीचं दार वाजवायचं. दादाची ऑनलाइन मीटिंग चालू असली, तर ताई निघाली चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात. म्हणजे घरात विहीर आणि पाण्यासाठी गावभर वणवण!

म्हणून आजचं सगळं सांगणं एका वाक्यात आधीच सांगून टाकतो : प्रिंटर संगणकाला जोडू नका, घराला जोडा. ते कसं, आणि जमत नसेल तर दुसरा मार्ग कोणता, ते आता पाहू.

यंत्र एक, गरजू अनेक

छापायचं यंत्र एका जागी आणि ज्याला छापायचं आहे तो दुसरीकडे, ही गोष्ट आपल्या छत्तीसगडला नवी नाही. जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. सप्रे मराठी घरातले, आणि मासिकाचे प्रकाशक रायपूरचे वामनराव लाखे. पेंड्र्यात तयार झालेला मजकूर छपाईला आधी रायपुरात आणि पुढे नागपुरात जायचा. छापखाना दूर होता, तरीही मासिक तीन वर्षं चाललं. यंत्र जवळ असण्यापेक्षा मजकूर यंत्रापर्यंत पोचण्याची वाट नीट असणं महत्त्वाचं, हे त्यातून दिसतं.

संगणकांच्या जगातही हेच घडलं. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ च्या सुमारास लेझर प्रिंटर तयार केला. यंत्र महागडं, तेव्हा प्रत्येकाच्या टेबलावर एक ठेवणं अशक्य. त्याच केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणक एकमेकांना जोडणाऱ्या ‘इथरनेट’ची कल्पना मांडली. तिथल्या सगळ्या संगणकांना तो प्रिंटर वापरता यावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. पुढे १९८५ मध्ये ॲपलचा लेझररायटर आला. त्याची किंमत होती ६,९९५ डॉलर. तोही अनेक संगणकांनी मिळून वापरावा अशाच बेताने बनवला होता. आज आपल्या घरातल्या राऊटरमागे इथरनेटची जी वायर लावतो, तिच्या जन्मकथेत एका सामाईक प्रिंटरचा असा वाटा आहे.

पहिला मार्ग : वाय-फाय प्रिंटर

नवा प्रिंटर घेणार असाल, तर वाय-फाय किंवा इथरनेटची सोय असलेलाच घ्या. असा प्रिंटर थेट राऊटरशी जोडला जातो. कुणाचाही लॅपटॉप चालू असण्याची गरज राहत नाही. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’मधल्या ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ या पानावर जाऊन ‘ॲड डिव्हाइस’ दाबलं, की बहुतेक वेळा तो आपोआप दिसतो.

मोबाईलवरून छापणंही यातच येतं. आयफोनमध्ये ‘एअरप्रिंट’ ही सोय २०१० पासून आहे. अँड्रॉइडमध्ये ८ व्या आवृत्तीपासून छपाईची सोय फोनमध्येच दिलेली असते. पीडीएफ उघडायची, ‘प्रिंट’ निवडायचं, प्रिंटरचं नाव निवडायचं, झालं. अट एवढीच, की फोन घरच्या वाय-फायवर हवा. फोनचा मोबाईल डेटा चालू आणि वाय-फाय बंद असेल, तर प्रिंटर दिसणार नाही.

इथे दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. एक, बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात. राऊटरवर दोन नावं दिसत असतील आणि प्रिंटरला ५ गिगाहर्ट्झचं नाव सापडतच नसेल, तर प्रिंटर बिघडलेला नाही. त्याला दुसऱ्या नावावर जोडा. दोन, पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ वाय-फाय केलं असेल, तर त्यावर जोडलेल्या फोनला घरातली बाकीची उपकरणं सहसा दिसत नाहीत. पाहुण्यांसाठी ते योग्यच आहे. पण आजीचा फोन चुकून गेस्टवर राहिला नाही ना, तेवढं बघा.

दुसरा मार्ग : जुना यूएसबी प्रिंटर

‘आमचा प्रिंटर जुना आहे, पण ठणठणीत आहे,’ असं म्हणणारी घरं खूप आहेत. एचपीच्या लेझरजेट १०२० सारखे, फक्त यूएसबी वायरवर चालणारे प्रिंटर अजून कितीतरी टेबलांवर कामं करतात. ते फेकू नका. असा प्रिंटर एका संगणकाला जोडून बाकीच्यांसाठी खुला करता येतो. विंडोजमध्ये क्रम असा :

१. ज्या संगणकाला प्रिंटर जोडलेला आहे, त्यावर घरचं वाय-फाय ‘प्रायव्हेट’ नेटवर्क म्हणून ठेवा. ‘पब्लिक’ असेल तर तो संगणक इतरांना दिसत नाही.

२. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये ‘फाईल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा.

३. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये आपला प्रिंटर निवडा, ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘शेअरिंग’ या भागात ‘शेअर धिस प्रिंटर’वर खूण करा. नाव साधं, लहान आणि मोकळी जागा न सोडता इंग्रजी अक्षरांत द्या.

४. दुसऱ्या संगणकावर ‘ॲड डिव्हाइस’मधून शोधा. दिसला नाही तर दोन उलट्या तिरप्या रेघा, पहिल्या संगणकाचं नाव, पुन्हा एक उलटी रेघ आणि प्रिंटरचं नाव, असा पत्ता टाकून जोडा.

जोडताना नाव आणि पासवर्ड विचारला जातो, तिथे बरेच जण अडतात. आपण रोज संगणक उघडताना चार आकडी पिन टाकतो, तो इथे चालत नाही. पिन फक्त त्याच संगणकापुरता असतो. सोपा उपाय म्हणजे पहिल्या संगणकावर घरच्यांसाठी एक वेगळं साधं खातं पासवर्डसह उघडावं आणि तेच सगळीकडे वापरावं. त्यामुळे दादाला स्वतःचा पासवर्ड कुणाला सांगावा लागत नाही.

या मार्गाच्या दोन मर्यादा आधीच जाणून घ्या. पहिला संगणक बंद असला किंवा झोपी गेला, तर छपाईही झोपते. आणि असा शेअर केलेला प्रिंटर मोबाईलमध्ये आपोआप दिसत नाही. म्हणून हा प्रिंटर दादाच्या लॅपटॉपला जोडण्यापेक्षा बैठकीतल्या जुन्या डेस्कटॉपला जोडणं बरं. लॅपटॉप घराबाहेर जातो, डेस्कटॉप कुठे जात नाही.

काही राऊटरना मागे यूएसबीची जागा असते आणि तिथे प्रिंटर जोडता येतो. पण आधी राऊटरच्या माहितीपत्रकात प्रिंटरचा उल्लेख आहे का, ते पाहा. १०२० सारखे काही प्रिंटर चालू झाल्यावर आपली मूळ आज्ञावली दर वेळी संगणकाकडूनच घेतात. त्यामुळे राऊटरशी त्यांचं जमेलच असं नाही.

‘ऑफलाइन’ का म्हणतो?

काल चालत होता, आज ‘ऑफलाइन’ म्हणतो, ही घरोघरची तक्रार. पुष्कळदा कारण असतं गेलेली लाईट. राऊटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देतो. लाईट जाऊन आली की तो पत्ते नव्याने वाटू शकतो. प्रिंटरला नवा पत्ता मिळतो आणि संगणक मात्र जुन्याच दारावर टकटक करत बसतो. उपाय असा, की राऊटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा. त्याला ‘ॲड्रेस रिझर्वेशन’ म्हणतात. एकदाच करायचं काम आहे. स्वतःला जमत नसेल, तर इंटरनेटवाल्याचा माणूस आला की त्याच्याकडून करून घ्या.

राऊटर छोट्या यूपीएसवर ठेवला तर उत्तमच. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका. कागदावर शाई पक्की करणारा त्याचा भाग तापताना एकदम खूप वीज ओढतो, आणि साध्या घरगुती यूपीएसला ते झेपत नाही.

आणखी एक सांगायला हवं. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर त्रुटी सापडली. तिच्या दुरुस्तीसाठी आलेल्या अपडेटनंतर अनेक ठिकाणी शेअर केलेले प्रिंटर चालेनासे झाले. अशा वेळी अपडेट काढून टाका, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकू नका. कुलूप अडकतं म्हणून दार उघडं टाकून कुणी झोपत नाही. घरातले सगळे संगणक अद्ययावत करा, दोन्हीकडे प्रिंटरचा नवा ड्रायव्हर घाला आणि पुन्हा जोडा.

सामाईक वस्तूची शिस्त

आता तंत्र बाजूला ठेवून घरातलं बोलू.

प्रिंटर सगळ्यांचा झाला की ट्रेमध्ये पडलेला कागदही सगळ्यांसमोर येतो. बँकेचं स्टेटमेंट, तपासणीचा रिपोर्ट, राजीनाम्याचं पत्र. म्हणून नियम एकच : छापायला दिलं की उठून कागद घ्यायचा. आणि दुसऱ्याचा कागद दिसला तर पालथा घालून ठेवायचा, वाचायचा नाही.

शाईचं म्हणाल तर, इंकजेट प्रिंटर नुसता ठेवला तर खराब होतो. त्याच्या बारीक छिद्रांत शाई वाळते, आणि रायपूरच्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ती धास्ती जास्तच. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. मुलांचं चित्र असो की भाजीची यादी, काहीही चालेल. बंद करताना भिंतीवरचं बटण दाबू नका, प्रिंटरचंच बटण दाबा. त्यामुळे शाईचं डोकं जागेवर जाऊन झाकलं जातं. ज्यांच्याकडे महिन्याला चार-दोन काळी पानंच निघतात, त्यांनी लेझर घ्यावा. त्याची शाई म्हणजे पावडर असते, ती वाळत नाही.

आणि दुकानाबद्दल. झेरॉक्सचं दुकान वाईट नाही, गरजेला तेच धावून येतं. पण आधार, पॅन, पासबुक यांच्या फाईली दुकानातल्या अनोळखी संगणकावर पाठवतो तेव्हा त्या तिथे उरतात. जावंच लागलं, तर आधारची आकडे झाकलेली प्रत चालते का ते विचारून घ्या, आणि काम झाल्यावर फाईल आपल्यासमोर काढून टाकायला सांगा. घरचा प्रिंटर सगळ्यांना वापरता आला, तर निदान असे कागद तरी घराबाहेर जात नाहीत.

शेवटी एक परीक्षा सांगतो. सगळं जोडून झालं की घरातल्या ज्या माणसाला संगणकातलं सगळ्यात कमी कळतं, त्याच्या फोनवर एक पीडीएफ पाठवा आणि तुम्ही भाजी आणायला बाहेर पडा. परत येईपर्यंत त्या माणसाने कुणालाही हाक न मारता तो कागद काढलेला असेल, तर प्रिंटर खरोखर घराचा झाला. नसेल, तर कुठे अडलं ते त्यालाच विचारा आणि तेवढ्याच पायऱ्या मोठ्या अक्षरात एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरवर चिकटवा. नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची वेळ येईल, तेव्हा आजोबांना नातवाची वाट पाहावी लागायला नको.