गच्चीवरचं गणित

होस्टेलच्या गच्चीवर स्टेलेरियम उघडून "तो बघ व्याध!" म्हणणं सोपं आहे. पण माझं मत विचाराल तर इंजिनिअरनं एकदा तरी ते उत्तर स्वतः काढावं. लागतं काय? ताऱ्याचे विषुवांश आणि क्रांती, आपले अक्षांश-रेखांश, अचूक वेळ. बाकी सगळी त्रिकोणमिती, तीही बारावीचीच.

माझा पहिला सी प्रोग्राम सपशेल आपटला. रेडियनची चूक (ती सगळेच करतात!) सापडली, तरी व्याध समोर पश्चिमेकडे नुकता कललेला आणि स्क्रीनवर चक्क मावळलेला. दोन रात्री डोकं खाजवलं. मी घड्याळातली भारतीय वेळ तशीच घातली होती. सूत्राला हवी होती ग्रिनिचची. साडेपाच तास म्हणजे पृथ्वीचं सुमारे ८२.५ अंश फिरणं. तयार सॉफ्टवेअरनं ही चूक मला कधी करूच दिली नसती, आणि कळलंही नसतं.

म्हणून सर, लॅबमध्ये बँक अकाउंटचे प्रोग्राम पुरे झाले, हा द्या. टेस्ट केस फुकट आहे: पुण्यातून ध्रुवतारा साधारण १८.५ अंशांवर, म्हणजे हात ताणून धरलेल्या दोन मुठींहून जरा खाली. तपासायला फक्त गच्चीची किल्ली लागेल. ती वॉर्डनसाहेबांकडे आहे.