करभार आणि कौल

वस्तू व सेवा कर परिषदेची ५६वी बैठक ३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत आटोपली आणि त्या रात्री प्रसिद्ध झालेल्या लांबलचक यादीत तेंदूच्या पानांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तर विडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरल्याचे वर्तमान आले, तेव्हा मध्य प्रदेशातल्या बालाघाट-सिवनी मार्गावरच्या लालबर्रा तहसिलीत, जिथे सोनेवानीच्या जंगलाला लागलेल्या गावांतील घरेच्या घरे ऐन उन्हाळ्यात पहाटे पाने तोडावयास निघतात, या वर्तमानाची दखल फारशी कोणी घेतली नाही. दखल घेतली गेली ती दूर केरळात आणि त्याहून अधिक बिहारात. केरळ काँग्रेसच्या समाजमाध्यमावरील खात्याने विडी आणि बिहार यांच्या आद्याक्षराची सांगड घालून एक सवंग विनोद केला, भाजपच्या पुढाऱ्यांनी तो समस्त बिहारी जनतेचा उपमर्द ठरविला, काँग्रेसला तो मजकूर मागे घ्यावा लागला, आणि निवडणुकीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या प्रांतात करविषयक एका शुष्क प्रकरणाला अकस्मात अस्मितेचे तेज चढले.

गंमत अशी, की ज्या सवलतीवरून हे रण माजले ती सवलत तेव्हा अस्तित्वातच आली नव्हती. नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले खरे, परंतु पानमसाला, सिगारेट आणि विडी यांना त्या तारखेतून वगळण्यात आले होते. विडीवरचा १८ टक्के दर प्रत्यक्षात १ फेब्रुवारी २०२६ पासून अंमलात आला, आणि बिहारचे मतदान तर ६ व ११ नोव्हेंबरलाच उरकले होते. तेंदूपानांचा दर मात्र लगोलग उतरला, पण आश्विनात कोणी पाने तोडीत नाही. राष्ट्रीय लोकशाही आघाडीला २४३ पैकी २०२ जागा मिळाल्या, आणि त्यांपैकी किती विडीच्या धुरातून आल्या हे सांगण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

कर आणि कौल यांचा संबंध आपल्या राजकीय चर्चेत फार सरळ मानला जातो: कर वाढला की सरकार पडते, कर घटला की तरते. लालबर्र्यासारख्या ठिकाणाहून पाहिले असता हा सिद्धांत टिकत नाही, कारण येथील बहुसंख्य मतदाराला आपण भरीत असलेला कर दिसतच नाही. तेंदूपानांच्या फडावर पन्नास पानांची एक गड्डी, आणि अशा एक हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. उन्हात ओळीने पसरलेल्या गड्ड्या मोजून फडमुंशी कार्डावर आकडा टाकतो, आणि २०२४ पासून मध्य प्रदेशात एका मानक बोऱ्यास ४००० रुपये या हिशेबाने संकलनाची मजुरी पदरी पडते. त्या कार्डावर कराचा रकाना नाही, आणि तो असण्याचे प्रयोजनही नाही, कारण कर लागतो तो पुढे, खरीददाराच्या दप्तरात. मांडीवर सूप घेऊन, पत्र्याच्या मापाने पान कातरून दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला तर २८ आणि १८ या आकड्यांपेक्षा संध्याकाळी सट्टेदार, म्हणजे विड्या वळवून घेणारा कंत्राटदार, वाईट म्हणून बाजूला काढतो ती 'छाट' अधिक परिचित आहे. तंबाखू दिली गेली, पाने दिली गेली, श्रमही झाले, पण त्या विड्यांची मजुरी बुडाली. तिच्या आयुष्यातला खरा कर तो हाच, आणि त्याची आकारणी कोणत्याही परिषदेच्या विषयपत्रिकेवर येत नाही.

शिवाय या कराची घडणच अशी आहे, की नोंदणीकृत कारखानदाराने पानांवर भरलेला कर त्याला विडीवरील करातून वळता करून घेता येतो. म्हणजे पानांवरचे तेरा टक्के उतरले याचा अर्थ मुख्यतः त्याचे भांडवल काही महिने कमी अडकून पडते, एवढाच. लाभ खरा आहे, पण तो लिलावाच्या बोलीत वाढून संकलकाच्या बोनसपर्यंत झिरपेल की नाही, हे खरीददारावर अवलंबून. सवलतीची ललकारी मात्र विडी वळणाऱ्या बाईच्या नावाने!

पूर्वी असे नव्हते. मालगुजारीच्या काळात सारा कोण मागतो, कधी मागतो आणि न दिल्यास काय होते, हे प्रत्येक कुळास ठाऊक असे. जंगलातल्या गवताला आणि चराईला मोजावे लागणारे शुल्क हातातल्या नाण्याने मोजावे लागे. म्हणूनच १९३० साली मध्यप्रांत व वऱ्हाडात कायदेभंगाने मिठाऐवजी गवताचे रूप घेतले. पुसदला बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला, आणि आमच्या शेजारच्या सिवनी जिल्ह्यातील तुरिया येथे त्याच वर्षी ऑक्टोबरात गवत कापण्याच्या सत्याग्रहावर झालेल्या गोळीबारात तीन गोंड स्त्रिया आणि एक पुरुष प्राणास मुकले. सात वर्षांनी झालेल्या निवडणुकीत मध्यप्रांतात काँग्रेसने बहुमत मिळविले, त्यामागे या दृश्य करांविरुद्धच्या रोषाची शिदोरी होती, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आणि त्याच काँग्रेसच्या कारकिर्दीत, १९३८ साली, नागपूरच्या विधिमंडळाने एक असा कायदा केला ज्याचे वंशज आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात हात घालतात. मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९३८चा चौदावा कायदा म्हणजे मोटारीचे इंधन व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ कर. हा विक्रीकर की अबकारी कर, म्हणजेच तो बसविण्याचा अधिकार प्रांताचा की मध्यवर्ती सरकारचा, हा प्रश्न नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेला, आणि सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने प्रांताच्या बाजूने मत दिले. आज राज्याराज्यांतून पेट्रोलवर जो व्हॅट घेतला जातो त्याची कायदेशीर नाळ अशी नागपुरात पुरलेली आहे, आणि बालाघाट तेव्हा नागपूरच्याच अंमलाखाली होते. या कराने कोणाचे राज्य डळमळले नाही. कारण त्या काळी बालाघाट जिल्ह्यात पेट्रोल घेणारा म्हणजे साहेब, मालगुजार नाहीतर मोटारसर्व्हिसचा मालक, आणि या तिघांच्या मतांवर कोणाचीच गादी अवलंबून नव्हती.

तोच कर २०२१ पर्यंत कोणाच्या शिरावर येऊन बसला ते पाहावे. दुधाच्या कॅन लटकविलेली मोटारसायकल, धानाची मळणी करणारे यंत्र, ट्रॅक्टर, शाळेत जाणाऱ्या मास्तरांची दुचाकी. करोनाच्या प्रारंभी, मे २०२० मध्ये, केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे ३२.९८ रुपयांवर नेले; पुढे कच्चे तेल महागले आणि पेट्रोलने शंभरी ओलांडली. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी देशात ठिकठिकाणी पोटनिवडणुका झाल्या, २ नोव्हेंबरला निकाल लागले, हिमाचल प्रदेशात भाजपने मंडीची लोकसभेची जागा आणि विधानसभेच्या तिन्ही जागा गमावल्या, तेथील मुख्यमंत्री जयराम ठाकूर यांनी महागाईकडे उघड बोट दाखविले, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने पेट्रोलवर ५ व डिझेलवर १० रुपये कमी केले. मध्य प्रदेशानेही मागोमाग आपला व्हॅट उतरविला, आणि तोही खंडव्याची लोकसभेची जागा भाजपने राखलेली असताना. या कपातीचा दिवाळीशी संबंध जोडण्यात आला. पण पंचांगापेक्षा निकालाचा तक्ता येथे अधिक बोलका आहे. इंधनाचा कर जीएसटीत गडप झालेला नाही आणि पंपावरच्या फलकावर त्याची किंमत रोज झळकते, म्हणून तो अद्याप राजकीय दृष्ट्या जिवंत आहे.

दराहूनही दप्तर अधिक झोंबते, याचे उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी जवळचे आहे. मध्य प्रदेशाने जकात काढून १९७६ साली प्रवेशकर आणला, त्यामुळे लालबर्र्याच्या नव्या पिढीने जकातनाका पाहिलेलाही नाही. महाराष्ट्राच्या महानगरांत मात्र तो टिकून होता, आणि काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने तो हटवून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आणला. नागपुरात तो १ एप्रिल २०१३ पासून लागला. जकातीचा जाच नाक्यावर ट्रकवाल्याच्या वाट्याला येई; एलबीटीने तो उचलून दुकानदाराच्या गल्ल्यापाशी आणून ठेवला. नोंदणी करा, वह्या ठेवा, विवरणपत्र भरा, आणि अधिकारी आल्यास दप्तर दाखवा! पुण्या-मुंबईपासून नागपुरापर्यंत शटरे खाली आली, भाजपने हा कर रद्द करण्याचे वचन दिले, आणि २०१४ च्या ऑक्टोबरात भाजपला १२२, शिवसेनेला ६३, काँग्रेसला ४२ व राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. नागपूर शहरातील सहाच्या सहा जागा भाजपकडे गेल्या. त्या निकालास मोदींची लाट, पंधरा वर्षांच्या सत्तेचा शीण आणि सिंचनाचे आरोप ही मोठी कारणे होतीच. तरीही ग्राहकाला पुडीबरोबर चार शब्द ऐकविणारा दुकानदार जेव्हा वर्षभर सरकारला शिव्या घालतो, तेव्हा त्याच्या एका मताची किंमत एकाच मताएवढी राहत नाही. १ ऑगस्ट २०१५ पासून फडणवीस सरकारने वार्षिक ५० कोटींच्या आतील उलाढालीचा एलबीटी काढून टाकला.

पण यावरून व्यापारी चिडला की सरकार गेले, असा नियम बांधू पाहणाऱ्याने सुरतेकडे नजर टाकावी. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेथील कापडबाजाराने दीर्घ बंद पाळला, प्रचंड मोर्चे निघाले. नोव्हेंबरात गुवाहाटीच्या बैठकीत परिषदेने पावणेदोनशेच्या वर वस्तू २८ टक्क्यांतून खाली आणल्या, आणि डिसेंबरात भाजपची गुजरातेतील संख्या ९९ वर घसरली तरी सुरतेने मात्र पक्षाला भरभरून दिले. मलेशियात, उलट, २०१५ च्या एप्रिलपासून लागलेला ६ टक्क्यांचा एकच सपाट जीएसटी नजीब रझाक यांना भोवला. एका प्रचंड आर्थिक घोटाळ्याची जोड होती हे खरे, पण स्वातंत्र्यापासून अखंड सत्तेवर असलेली आघाडी २०१८ च्या मे महिन्यात पडली आणि पुढच्याच महिन्यात नव्या सरकारने तो दर शून्यावर आणला. आमच्याकडचा कर अनेक दरांत वाटलेला असल्याने त्याविरुद्धचा संतापही तसाच वाटला जातो. कापडवाला वेगळा रागावतो, विडीवाला वेगळा, आणि प्रत्येकाची समजूत स्वतंत्रपणे, निवडणुकीच्या सोयीने काढता येते. कररचनेत इतके खण का ठेवतात, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोधणाऱ्याच्या हाती निराशाच येईल.

या साऱ्यात लालबर्र्याचा शेतकरी कशावर मत देतो? २०२३ च्या विधानसभेत भाजपने मध्य प्रदेशात १६३ जागा जिंकल्या, पण बालाघाट जिल्ह्यातील सहापैकी चार काँग्रेसकडे गेल्या, आणि लालबर्रा ज्या बालाघाट मतदारसंघात येते तेथे माजी कृषिमंत्री गौरीशंकर बिसेन यांच्यासारखे जुने नेते काँग्रेसच्या अनुभा मुंजारे यांच्याकडून पराभूत झाले. त्या निवडणुकीच्या प्रचारात कर हा विषय कोणीच घेतला नाही. धानाचा भाव होता. केंद्राचा आधारभाव क्विंटलला २१८३, भाजपच्या जाहीरनाम्यांत मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन्ही राज्यांसाठी ३१००, आणि निकालानंतर तो भाव हातात पडला तो सीमेपलीकडे छत्तीसगडात. लाडली बहना योजनेचे प्रथम १००० आणि मग १२५० रुपये दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात येत होते. देण्याला तारीख आहे, नाव आहे, मोबाइलवर संदेश आहे. घेण्याला यातले काहीच नाही, ते साबणाच्या वडीत, पिकावरच्या औषधफवारणीत आणि सिमेंटच्या गोणीत मुरलेले. शासनकर्त्यांनी हे कौशल्य फार परिश्रमाने साध्य केले आहे, आणि सत्ताधारी कोणताही असो, विरोधी पक्षाला ते मोडण्याची घाई नाही, कारण उद्या त्यालाही तेच लागणार आहे.

माझ्या मते याची भरपाई एकाच स्तरावर होऊ शकते, आणि तो स्तर सर्वांत दुबळा म्हणून ओळखला जातो. घरपट्टी आणि दिवाबत्तीकर बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. तो वापरावयाचा झाला तर सरपंचाला ज्याच्या ओसरीवर चहा प्यायचा त्याच्याच हाती मागणीपत्र द्यावे लागते, म्हणून बहुतेक सरपंच तो वापरीतच नाहीत आणि वरून येणाऱ्या अनुदानावर कारभार हाकतात. मध्य प्रदेशातील पंचायतींच्या मागच्या निवडणुका २०२२ च्या जून-जुलैत, पक्षचिन्हांविना झाल्या. पुढच्या २०२७ मध्ये यावयाच्या आहेत. त्यापूर्वी एखाद्या पंचायतीने वर्षाची घरपट्टी किती मागितली, किती वसूल झाली, आणि त्यातून कोणत्या गल्लीची नाली बांधली, याचा तक्ता चावडीवर लावून मतदान घेतले, तर सरपंच पडला तरी कोणत्या रकमेपायी पडला हे रुपयांत सांगता येईल, आणि निवडून आला तर गावाने तो कर डोळसपणे मान्य केला असे म्हणता येईल. विधानसभेच्या वा लोकसभेच्या निकालाविषयी असे विधान करण्याची सोय आजच्या कररचनेने ठेवलेली नाही.