भावना दुखावल्या, मग पुढे काय? 'रिडल्स'चा धडा आपल्यालाही लागू आहे

समाजमाध्यमावर एखादी पोस्ट फिरते. 'भावना दुखावल्या' म्हणत पोलीस ठाण्यासमोर गर्दी जमते, गुन्हा दाखल होतो आणि रात्रीपर्यंत माफीचा व्हिडिओ येतो. हे चक्र आता सवयीचे झाले आहे. कधी आरोपीच्या जागी आपला कार्यकर्ता असतो, तर कधी तक्रारदाराच्या जागी आपण असतो. म्हणूनच अभिव्यक्ती स्वातंत्र्याबाबत आंबेडकरी तरुणांची भूमिका एकच हवी. बोलणारा कोण, हे पाहून ती बदलता कामा नये.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रकाशित केला. राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टामुळे हिंदूंच्या भावना दुखावल्या, असे म्हणत शिवसेना आणि मराठा संघटना रस्त्यावर उतरल्या. ग्रंथाची होळी झाली आणि शासनाने खंड मागे घेतला. त्याला उत्तर म्हणून ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत भीमसागर लोटला. अखेर मजकूर कायम राहिला, पण या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप जोडली गेली. त्या दिवशी मोर्चात चालणाऱ्यांची मागणी साधी होती : पटत नसेल तर उत्तर लिहा, ग्रंथ दाबू नका.

कायदा काय सांगतो? संविधानाचे कलम १९(१)(क) भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते. १९(२) त्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, बदनामी अशा कारणांसाठी वाजवी बंधने घालू देते. 'धर्मभावना' हा शब्द त्या यादीत नाही. तो येतो १९२७ मध्ये इंग्रजांनी दंडसंहितेत घातलेल्या कलम २९५-अ मधून. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ म्हणून आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवले, पण जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमानच त्यात बसतो, हेही स्पष्ट केले. प्रत्यक्षात हेतू तपासण्याआधीच अटक होते. खटल्याचा निकाल लागेपर्यंत नोकरी, शिक्षण आणि पैसा सगळेच पणाला लागते. खटला हीच शिक्षा होऊन बसते.

या लढाईतले एक नाव प्रत्येक बौद्ध तरुणाला माहीत असायला हवे, ते म्हणजे ललई सिंह यादव. १९६७ मध्ये त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. पेरियार यांच्या रामायणावरील टीकेचा हिंदी अनुवाद, 'सच्ची रामायण', त्यांनी प्रकाशित केला. १९६९ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने तो जप्त केला. ललई सिंह अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकारने अपील केले. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. भावना दुखावतात एवढे म्हणून भागत नाही, जप्तीची कारणे सरकारला द्यावीच लागतात, असे न्यायालयाने ठणकावले.

आता आरसा स्वतःकडे वळवू. मे २०१२ मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या व्यंगचित्रावरून वाद पेटला. ते चित्र १९४९ चे. गोगलगाय म्हणजे संविधाननिर्मिती, तिच्यावर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. ज्यांच्या पूर्वजांनी चाबकाचे फटके खाल्ले, त्यांना ते पाहून वेदना झाली. ती वेदना खरी होती आणि तिला हसण्यावारी नेणारेही चुकले. पण पुढे पुण्यात सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली, ती कोणत्या तत्त्वात बसते? १९८८ मध्ये आपण ज्या झुंडीविरुद्ध उभे होतो, तिचीच भाषा त्या दिवशी आपल्यातल्या काहींच्या तोंडी होती.

बौद्धबहुल देशही यातून सुटलेले नाहीत. श्रीलंकेत एप्रिल २०१९ मध्ये शक्तिक सत्कुमार या लेखकाला एका लघुकथेसाठी अटक झाली. कथा विहारातील लैंगिक शोषणाकडे बोट दाखवत होती आणि तक्रार भिक्खूंची होती. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नावाने केलेला कायदा त्यासाठी वापरला गेला. लेखक चार महिन्यांहून अधिक काळ कोठडीत राहिला. धम्माचे रक्षण यातून झाले, असे कोण म्हणेल?

तथागतांची शिकवण याच्या उलट आहे. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, प्रसंग येतो : राजगृह ते नालंदा या वाटेवर एक परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघाची निंदा करत चालतो. भिक्खूंमध्ये त्याची चर्चा होते. बुद्ध त्यांना सांगतात की निंदेने चिडलात तर नुकसान तुमचेच आहे, कारण रागावलेल्या माणसाला समोरचा खरे बोलतो की खोटे हे कळत नाही. जे खोटे आहे ते खोटे का, हे समजावून द्या. तसेच, स्तुती ऐकून हुरळूनही जाऊ नका.

मग सगळेच सहन करायचे का? नाही. श्रद्धा, ग्रंथ, देव, महापुरुषांचे विचार यांची चिकित्सा करण्याचा अधिकार सर्वांना आहे, बाबासाहेबांच्या विचारांचीही. पण जातीवरून माणसाला हिणवणे, पुतळ्याची विटंबना करणे, वस्तीवर हल्ल्याची चिथावणी देणे ही चिकित्सा नव्हे. तिथे अत्याचार प्रतिबंधक कायदा पूर्ण ताकदीने वापरलाच पाहिजे. २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तींचा अनादर हाही गुन्हा ठरवला. हे संरक्षण शतकांच्या अवहेलनेविरुद्ध आहे. एखाद्या अभ्यासकाच्या मतभेदावर ते उगारले, तर कायद्याची धार बोथट होईल आणि खऱ्या पीडितालाच त्याची किंमत मोजावी लागेल.

म्हणून तक्रार लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारूया. हल्ला विचारावर आहे की माणसावर? आणि हीच मोजपट्टी उद्या 'रिडल्स'ला लावली, तर तो ग्रंथ वाचेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पोलीस ठाण्याऐवजी ग्रंथालयाची वाट धरा आणि उत्तर लिहा. बाबासाहेबांनी आयुष्यभर तेच केले.

जय भीम!