सोळा इंचांचा कायदा

कायदा समजून घ्यायचा तर वकिलाकडे जावे लागते, असा आपला सर्वसाधारण अनुभव. अमेरिकेतला एक कायदा मात्र शिंप्याच्या मोजपट्टीनेही समजू शकतो. रायफलीची नळी सोळा इंच भरली तर ती रायफल बहुतेक राज्यांत रीतसर चौकशी होऊन दुकानात विकत मिळते. तीच नळी साडेपंधरा इंच भरली आणि केंद्र सरकारच्या वहीत तिची नोंद नसली, तर मालकाला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अर्ध्या इंचाला दहा वर्षे! या कायद्याचे नाव नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट. तो १९३४ सालचा आहे, आणि वयाची नव्वदी ओलांडल्यावर, १ जानेवारी २०२६ पासून, त्याच्या पायाचा मोठा दगड निखळला आहे. म्हणून त्याच्याविषयी चार शब्द.

माझा भाचा टेक्सासात असतो. त्याच्या शेजाऱ्याकडे अशी एक नोंदवलेली आखूड रायफल आहे. फोनवर बोलता बोलता भाच्याने मला विचारले, "मामा, समजा त्याने त्या रायफलीचे कॅलिबर बदलले, म्हणजे वेगळ्या मापाची गोळी चालेल अशी नळी बसवली, तर त्याला सरकारची परवानगी पुन्हा काढावी लागेल का?" प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तरात त्या कायद्याचा सगळा स्वभाव दडलेला आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. अमेरिकेत घरोघरी दिसणारी एआर-१५ जातीची रायफल दोन भागांची असते. खालच्या भागाला चाप, मूठ आणि खांद्याला टेकवायचा दस्ता. वरच्या भागात नळी आणि बोल्ट. दोन खिळी ढकलली की हे दोन भाग वेगळे होतात. ना सुतार लागतो, ना लोहार. कायद्याच्या लेखी 'बंदूक' म्हणजे फक्त खालचा भाग. क्रमांक त्याच्यावर, नोंद त्याची. ज्या भागातून प्रत्यक्ष गोळी सुटते तो वरचा भाग म्हणजे केवळ सुटा माल.

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. रायफल आखूड करायची तर मालकाने आधी अर्ज करायचा. त्यात रायफलीचा क्रमांक, कॅलिबर, नळीची लांबी आणि एकूण लांबी लिहायची, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, आणि मंजुरी आल्यावर खालच्या भागावर आपले नाव व गाव कोरून घ्यायचे. हा कारभार जे केंद्रीय खाते पाहते त्याला सगळे एटीएफ म्हणतात. एकदा अशी नोंद झाली, की त्याच खालच्या भागावर दुसऱ्या कॅलिबरचा आखूड वरचा भाग चढवायला नवा अर्ज लागत नाही. बदल तात्पुरता असेल आणि रायफल मूळ रूपात परत आणता येत असेल, तर कळवण्याचीही गरज नाही. बदल कायमचा असेल तर खात्याला लेखी कळवावे, म्हणजे वहीतली नोंद खरी राहील, असे एटीएफ सांगत आले आहे. हा सल्ला आहे, सक्ती नव्हे. म्हणजे गोळी बदलली तर एक पत्र, तेही जमल्यास.

आता याची दुसरी बाजू पाहा. तोच आखूड वरचा भाग मालकाने कपाटातल्या दुसऱ्या, नोंद नसलेल्या रायफलीवर चढवला, की ती नवी आखूड रायफल झाली आणि गुन्हा घडला. लोखंड तेच, माणूस तोच, घर तेच. फरक फक्त खालच्या क्रमांकाचा. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी यांसारख्या राज्यांत तर सामान्य नागरिकाला अशी रायफल ठेवताच येत नाही. तेव्हा तिथे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी टेक्सासातल्या शेजाऱ्याचा कित्ता गिरवू नये, हे सांगितलेले बरे.

गंमत अशी, की कायदा जिथे फारसे पाहत नाही तिथेच खरा धोका आहे. '.३०० ब्लॅकआउट' नावाचे काडतूस मुद्दाम असे बनवले आहे, की ते ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीच्याच मॅगझिनमध्ये आणि बोल्टमध्ये बसावे. बदलायची फक्त नळी. पण हे काडतूस चुकून ५.५६ च्या नळीत गेले आणि चाप ओढला, तर जाड गोळी बारीक नळीत अडकते आणि रायफल हातातच फुटू शकते. ज्याच्या घरी दोन कॅलिबर आहेत त्याने मॅगझिनांना वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावाव्यात, असे अनुभवी नेमबाज सांगतात. सरकारी अर्जातली लांबीची रकान्ये यात काही मदत करत नाहीत.

मग नळीच्या लांबीला एवढे महत्त्व आले कुठून? त्यासाठी नव्वद वर्षे मागे जावे लागेल. दारूबंदीच्या काळात अमेरिकेत टोळीयुद्धे माजली होती. १९२९ साली शिकागोतील सेंट व्हॅलेंटाइन दिनाच्या हत्याकांडाने देश हादरला. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे अॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी जो मसुदा आणला, त्यात मशीनगनबरोबर पिस्तूल आणि रिव्हॉल्वरही होते. कोटाखाली लपते ते हत्यार धोक्याचे, हा त्यामागचा विचार. पण पिस्तुलावर बंधन घातले तर लोक रायफलीची नळी कापून पिस्तूल करतील! ती पळवाट बुजवण्यासाठी आखूड रायफल आणि आखूड शॉटगन यांचेही कलम आले. पुढे विरोधामुळे पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली; पळवाट बुजवणारे कलम मात्र तसेच राहिले. घराला दारच उरले नाही, पण खिडकीचे गज शाबूत! आज अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या बहुतांश खुनांत पिस्तूलच असते, आणि पिस्तुलाची नळी चार इंच असली तरी या कायद्याला तिचे वावडे नाही.

त्यावेळी सरकारने थेट बंदी घातली नाही, कर बसवला. आखूड रायफल बनवायची किंवा दुसऱ्याला द्यायची तर दोनशे डॉलर. तेव्हा ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. कर म्हणूनच हा कायदा टिकला. १९३७ साली सॉनझिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की संसदेला कर लावण्याचा अधिकार आहे. त्या करामागचा हेतू न्यायालय तपासत बसणार नाही.

इंचांच्या या हिशेबाने किती गुंता केला याची दोन उदाहरणे देतो. थॉम्पसन-सेंटर या कंपनीने एक पिस्तूल आणि त्याची लांब नळीची रायफल करण्याचे साहित्य एकत्र विकायचे ठरवले. त्यातून बंदी असलेली आखूड रायफलही जोडता आली असती, म्हणून सरकारने कर मागितला. कंपनीने दोनशे डॉलर भरले आणि ते परत मिळवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १९९२ साली ती जिंकली. सुट्या भागांचा कायदेशीर उपयोग होत असेल तर केवळ ते जवळ आहेत म्हणून गुन्हा होत नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ. कॅलिबर बदलणारे लोक आज दोन-तीन वरचे भाग निर्धास्तपणे बाळगतात ते याच निकालाच्या जोरावर.

दुसरे उदाहरण त्याच वर्षाचे, पण मन विषण्ण करणारे. आयडाहो राज्यात डोंगरात राहणाऱ्या रँडी वीव्हर यांच्यावर दोन शॉटगन मर्यादेपेक्षा आखूड करून सरकारी खबऱ्याला विकल्याचा आरोप होता. ते न्यायालयात हजर झाले नाहीत. ऑगस्ट १९९२ मध्ये रूबी रिज येथे त्यांच्या घराला केंद्रीय पोलिसांचा अकरा दिवस वेढा पडला. त्यात त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा, त्यांची पत्नी आणि विल्यम डेगन हे मार्शल असे तिघे प्राणास मुकले. पुढच्या वर्षी ज्यूरीने वीव्हर यांना हत्यारांच्या मूळ आरोपातून मुक्त केले. गैरहजर राहिल्याबद्दल मात्र दोषी ठरवले. वीव्हर यांची वंशवादी मते कुणालाही पटावीत अशी नव्हती. पण काही इंचांच्या आरोपापासून सुरू झालेला मामला तीन प्रेतांपाशी संपतो, तेव्हा कायद्याच्या मापांविषयी प्रश्न विचारायलाच हवा.

आपल्याकडे काय स्थिती आहे? आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणे हा गुन्हाच आहे. मात्र आपल्याकडचा मुख्य भर 'बोअर'वर, म्हणजे कॅलिबरवर. .३०३ ही लष्करी परंपरेची रायफल निषिद्ध बोअरची; .३१५ ची स्पोर्टिंग रायफल परवान्यावर मिळते. अमेरिकेत जो बदल पत्राने भागतो, तो आपल्याकडे परवान्याच्या मुळावर येतो. दोन्ही देशांनी मोजपट्टी घेतली आहे. एकाने नळीच्या लांबीवर ठेवली, दुसऱ्याने तिच्या तोंडावर. पण आपल्याकडे बंदूक बाळगण्याची सवलत मागावी लागते, तिथे तो घटनेने दिलेला हक्क आहे. त्यामुळे आपली मोजपट्टी त्यांच्या उपयोगी पडणार नाही.

आता ताजी घडामोड. ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी ज्या मोठ्या अर्थविधेयकावर सही केली, त्यात आखूड रायफली, आखूड शॉटगन आणि सायलेन्सर यांवरील दोनशे डॉलरचा कर शून्यावर आणला गेला. खरे तर काहींना ही हत्यारे कायद्यातूनच काढायची होती. पण अर्थविधेयकात पैशाखेरीज दुसरा विषय घुसडता येत नाही, असा सल्ला सिनेटच्या नियम-सल्लागारांनी दिला. म्हणून कर गेला आणि वही राहिली. यावर बंदूकधारकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आहेत. त्यांचा सवाल सरळ आहे: हा कायदा कर म्हणून वैध ठरला होता, आता करच नाही, तर नोंद कशाची?

सवाल बिनतोड वाटतो, पण उत्तर तितके सोपे नाही, असे मला वाटते. ही वही म्हणजे अमेरिकेतील हत्यारांच्या थोडक्या केंद्रीय नोंदींपैकी एक. आज आखूड रायफलीसाठी ती फाडली, तर उद्या मशीनगनच्या पानांकडेही हात जाईल, ही भीती अनाठायी नाही. परंतु लोकांना न पटणारी नोंद फार काळ खरीही राहत नाही. २०२३ साली एटीएफने हाताला बांधायचा आधार लावलेली पिस्तुले आखूड रायफली ठरवली. ती घरात शांतपणे पडून होती. एका नियमाने त्यांचे मालक गुन्हेगार ठरू लागले. सुमारे अडीच लाख अर्ज आले, आणि जून २०२४ मध्ये न्यायालयाने तो नियमच रद्द केला. ज्यांनी निमूटपणे अर्ज केले, त्यांनी यातून कोणता धडा घेतला असेल?

साप निघून गेल्यावर भुई धोपटण्यात अर्थ नसतो. १९३४ चा साप पिस्तुलाचा होता, आणि तो केव्हाच निसटला. हत्यारांवर नियंत्रण हवे असे ज्यांना मनापासून वाटते, आणि मलाही ते वाटते, त्यांनी इंचांचे रक्षण करण्यात शक्ती घालवण्यापेक्षा हत्यार कोणाच्या हाती जाते याची चौकशी कडक करण्याचा आग्रह धरावा. भाच्याच्या शेजाऱ्याने कोणती गोळी वापरावी हे वहीत लिहून समाज सुरक्षित होत नाही. तो शेजारी कोण आहे, त्याच्या घरातले कपाट कुलूपबंद आहे का आणि त्याची किल्ली मुलांच्या हाती लागते का, हे प्रश्न मोजपट्टीने सुटणारे नाहीत.