नातवाचा सर्प आणि सूनबाईंचा नकार

मुलांच्या हट्टांना अंत नाहीं. कोणाला कुत्रें हवें असतें, कोणाला पोपट, कोणाला सायकल. आणि आईबापांचीं नकाराचीं कारणेंहि पिढ्यान्‌पिढ्या तींच असतात. परंतु गेल्या मार्गशीर्षांत आमच्या तेरा वर्षांच्या नातवानें जो हट्ट धरला, त्याला आमच्या घराण्यांत पूर्वाधार नव्हता. त्याला साप पाळावयाचा होता.

चिरंजीव नोकरीनिमित्त बरींच वर्षें अमेरिकेंत, पिट्सबर्ग शहरीं आहेत. रविवारीं सकाळीं त्यांचा दूरध्वनि येतो. त्या दिवशीं मात्र नातू एकटाच बोलत होता, तेंहि दबक्या आवाजांत. "आजोबा, आई तुमचं ऐकते. तुम्ही तिला सांगा ना." बाप अनुकूल होता, म्हणजे 'आईला विचार' असें म्हणून मोकळा झाला होता. आईनें एका वाक्यांत निकाल दिला होता : घरांत साप राहील, नाहींतर मी राहीन.

त्यानें मागितलेला साप 'कॉर्न स्नेक' नांवाचा. कॉर्न म्हणजे मका. मक्याच्या कोठारांभोंवतीं उंदरांच्या मागावर हा सांपडे म्हणून हें नांव पडलें, असें कोणी म्हणतात. पोटावरची नक्षी रंगीबेरंगी कणसासारखी दिसते म्हणून, असें दुसरे म्हणतात. मूळचा तो त्या देशाच्या आग्नेय भागांतला. बिनविषारी, रंगानें नारिंगी-तांबडा, पूर्ण वाढला म्हणजे तीन ते पांच फूट. आतां तो पुष्कळ ठिकाणीं माणसांच्या देखरेखीखालींच उपजतो व विकला जातो. आपल्या धामणीच्याच मोठ्या कुळांतला म्हणावा.

सूनबाईंचा नकार मला पोरकट वाटला नाहीं. त्यांचें माहेर रत्नागिरीकडचें. त्यांचे सख्खे मामा भाताच्या कापणींत फुरसें चावून गेले. त्या वेळीं त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि ओटीवर उभ्या राहून त्यांनीं सर्व पाहिलें होतें. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, असा अंदाज संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केला. ज्या घरांतला माणूस त्या बारा लाखांच्या आधींच गेला, त्या घरच्या मुलीला 'सर्व साप विषारी नसतात' हें वाक्य ऐकवणें म्हणजे जखमेवर व्याकरण चोळणें होय.

तरीहि मीं नातवाची वकिली पत्करली. त्याचें कारण मीं घरांतहि कोणास सांगितलें नव्हतें. मी नोकरीस लागून दोन-तीन वर्षें झालीं असतील. सातवींतला एक विद्यार्थी बिस्किटांच्या डब्यांत एक साप घेऊन वर्गांत आला. तो दिवड होता, विहिरीच्या कडेला सांपडलेला. त्याला विष नसतें हें त्या मुलाला ठाऊक होतें आणि मला नव्हतें. मीं मुलाला छड्या मारल्या आणि शिपायाकडून डबा मैदानांत नेवविला. पुढें काय झालें तें सांगावयास नको. मुलगा रडला नाहीं. त्यानें मला एवढेंच विचारलें, "सर, तुम्ही त्याला पाहिलंत तरी का?" त्यानंतर त्यानें माझ्या तासाला कधीं हात वर केला नाहीं.

असो. नातवानें आईपुढें पहिला प्रयत्न केला तो सर्व मुलें करतात तसाच. साप भुंकत नाहीं, केंस गळत नाहींत, फिरावयास न्यावा लागत नाहीं, अशी गुणांची माळ त्यानें ओवली. आईच्या मनांत भुंकण्याची भीति मुळींच नव्हती. ती निराळीच होती. मीं त्याला म्हटलें, "बाळ, आमच्या शास्त्रांत वादाची एक रीत आहे. आधीं पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचें म्हणणें त्यालाहि मांडतां येणार नाहीं इतक्या चांगल्या रीतीनें आपण मांडायचें. मग उत्तर. तूं आईच्या बाजूनें कागद लिही. तुझें म्हणणें शेवटच्या पानावर." त्याला आस्तीकाची गोष्टहि सांगितली. जनमेजयाचें सर्पसत्र चालू असतां तो पोरसवदा ऋषि तेथें गेला, तो 'हें थांबवा' असें ओरडत नाहीं. तो आधीं राजाची आणि त्याच्या यज्ञाची मनापासून स्तुति करतो, आणि राजा वर देऊं लागल्यावर मग मागणें मागतो. नातू म्हणाला, "म्हणजे आईची स्तुति करूं?" मीं म्हटलें, "आईच्या भीतीला मान दे, म्हणजे झालें."

पंधरा दिवस तो वाचीत होता. मग एके रात्रीं पुन्हा दबक्या आवाजांत दूरध्वनि आला. एक अडचण त्याला अशी सांपडली होती कीं ती आईला माहीतच नव्हती. साप बिनविषारी असला तरी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर 'साल्मोनेला' नांवाचे रोगजंतु असूं शकतात. म्हणून पांच वर्षांखालील मूल ज्या घरांत आहे तेथें असे प्राणी पाळूं नयेत, असें तेथील आरोग्यखात्याचें सांगणें आहे. त्याची धाकटी बहीण तेव्हां साडेचार वर्षांची होती. "हें लिहूं का, आजोबा? लिहिलं तर आई कधींच हो म्हणणार नाहीं."

मला त्या वेळीं खोलींत कोणी नसावें असें वाटलें. 'लिही' हा दोन अक्षरांचा शब्द. पण नातवाला तो सांगणें जड गेलें.

त्यानें तें पहिल्याच पानावर लिहिलें. त्याखालीं मामांची गोष्ट. नंतर साप पेटींतून निसटण्याची शक्यता : हा प्राणी बोटभर फटींतूनहि जातो, तेव्हां झांकणाला कडी हवीच. नंतर आयुर्मान : नीट राखला तर पंधरा-वीस वर्षें जगतो, आणि मुलगा पांच वर्षांत कॉलेजास जाणार, मग पाहणार कोण? पेटीच्या एका बाजूला साधारण पंच्याऐंशी अंश फॅरनहाइट ऊब, दुसऱ्या बाजूला दहा अंश कमी; पाणी; दडावयास जागा; खाल्ल्यावर दोन दिवस हात लावावयाचा नाहीं. हें सर्व चार पानें.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र अन्नाचा. साप दूध पीत नाहीं. तें पचविण्याची सोय त्याच्या पोटांत नाहीं. नागपंचमीला पितांना दिसतो तो तहानेनें व्याकुळ ठेवलेला असतो म्हणून. या सापाला उंदीर लागतात. आधींच मारलेले, गोठवलेले उंदीर तेथें दुकानांत मिळतात. ते कोमट करून चिमट्यानें द्यावयाचे, पिल्लाला आठवड्याला एक, मोठ्याला दहा-पंधरा दिवसांनीं एक. ज्या घरांत अंडेंहि शिरलें नाहीं, तेथें हें! नातवानें मला विचारलें, तेव्हां प्रथम माझ्या मनांत आलें कीं आमच्या वाड्यांतली मांजर काय वरणभात खाऊन जगली? परंतु हा हेत्वाभास आहे. मांजर आपली शिकार आपण करून येते. येथें गृहस्थानें पैसे देऊन मेलेला जीव घरीं आणावयाचा आहे. म्हणून मीं स्पष्ट सांगितलें : सापाला शाकाहारी करतां येत नाहीं. आईला हें सोसणार नसेल, तर तिच्या नकाराला उत्तर नाहीं, आणि तूं तें शोधूंहि नको.

कागद वाचून सूनबाई तीन दिवस कांहीं बोलल्या नाहींत. चौथ्या दिवशीं त्यांनींच मला दूरध्वनि केला. "बाबा, धाकटीचं त्यानं स्वतःहून लिहिलं कीं तुम्ही सांगितलं?" जें घडलें तें मीं सांगितलें. त्या म्हणाल्या, "लपवलं असतं तरी मला कळलं नसतं."

मग अटी आल्या. धाकटीला पांच वर्षें आषाढांत पुरीं होतील, तोंवर विषय बंद. उंदीर तळघरांतल्या निराळ्या शीतपेटींत. स्वयंपाकघराला त्याचा वाराहि लागतां कामा नये. खरेदी बापानें करावयाची आणि मुलगा कॉलेजास गेल्यावर साप बापाचा, हें चिरंजिवांकडून लिहून घेतलें. 'आईला विचार' म्हणून सुटूं पाहणारांना हेंच योग्य आहे.

या वेळीं मीं सूनबाईंना एक उदाहरण सांगितलें. रोम्युलस व्हिटेकर १९४३ सालीं न्यूयॉर्कला जन्मले. लहानपणीं ते साप धरून घरीं आणीत, आणि त्यांच्या आईनें त्यांना झिडकारलें नाहीं. पुढें १९५१ सालीं हें कुटुंब मुंबईस आलें. याच मुलानें मद्रासला सर्पोद्यान काढलें, आणि १९७८ सालीं इरुळा लोकांची सहकारी संस्था उभारण्यांत पुढाकार घेतला. त्या संस्थेनें काढलेल्या विषापासून सर्पदंशावरची लस बनते. सूनबाई म्हणाल्या, "आमचा त्यांतला निघेलच असं नाहीं." बरोबर आहे. एका दृष्टान्तानें व्याप्ति सिद्ध होत नाहीं. पण ती लस मामांपर्यंत वेळेवर पोंचली नव्हती, हें आम्हां दोघांनाहि त्या क्षणीं आठवलें असावें.

ज्या वाचकांच्या घरीं हा लेख मुलांच्या हातीं पडेल, त्यांनीं एक ध्यानांत ठेवावें : येथें आपल्याकडील साप धरून पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, मग तो दिवड असो कीं धामण, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कित्येक परदेशी जातींनाहि नोंदणीची अट लागली आहे. येथल्या मुलांनीं पुण्याच्या कात्रजला जाऊन कांचेपलीकडून पाहावें.

साप भाद्रपदांत आला. करंगळीएवढा जाड, वीतभर लांब. सूनबाई पहिला महिना त्या खोलींत गेल्या नाहींत. गेल्या रविवारीं त्यांनीं सहज सांगितलें कीं वादळानें तेथील वीज रात्रभर गेली होती, पेटी गार पडत चालली, म्हणून गरम पाण्याची पिशवी फडक्यांत गुंडाळून पेटीला बाहेरून लावून ठेवली. दोनदा उठून पाणी बदललें.

"कोणीं? तूं?" मीं विचारलें.

"तो शाळेच्या सहलीला गेला होता ना, बाबा. आणि हे झोंपले होते."