सवलत नाही, तरी श्रद्धा का?

देऊळगाव राजा : बालाजीचे गाव म्हणून ख्यात असलेल्या या शहराचे नाव ख्रिस्ती धर्माच्या चर्चेत सहसा कोणी घेत नाही. मात्र येथून जवळच, मराठवाड्याची सीमा ओलांडताच लागणाऱ्या जालन्याच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात एक वेगळा प्रयोग झाला. विज्ञानयुगातही माणसे ख्रिस्तश्रद्धा का जपतात, याचे महाराष्ट्रापुरते उत्तर शोधताना तो आठवावा लागतो.

मुंबईत शिकणारे ब्राह्मण तरुण नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास गेला होता. परंतु तो अज्ञान असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. थोरला भाऊ मात्र परतला नाही. पुढे निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर त्याने जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. तेथे आले ते प्रामुख्याने अस्पृश्य मानलेल्या जातींतील लोक.

अशांवर ‘पोटासाठी बाटले’ हा शिक्का बसला. दुष्काळात मिशनचा आधार अनेकांना मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो आधार सरल्यानंतरचा. मिशनच्या नोकऱ्या आटल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंशी जोडला. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. धर्माची अट काढावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये केली होती. २०२२ मध्ये याच प्रश्नावर न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. श्रद्धा ख्रिस्ती असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही राज्यघटनेची फसवणूक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. म्हणजे एकाच आजोबांच्या नातवंडांपैकी बौद्ध झालेल्याला सवलत आणि ख्रिस्ती राहिलेल्याला नाही, असे घडू शकते. कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये, ही ओढाताण त्यातूनच जन्मते. लाभासाठी धर्म, हे गृहीतक येथे पार उलटते.

मग श्रद्धा टिकते कशावर? ईश्वर सिद्ध झाला म्हणून नव्हे, हे उघड आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण धर्मगुरूंचा शब्द प्रमाण मानला नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्या आपल्या इंग्रज शिक्षिकांशी वाद घालत राहिल्या. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे मज्जाव नव्हता. संस्था सुटली, ख्रिस्त सुटला नाही. बेथेलच्या माणसाला एवढा वाद घालण्याची चैन परवडणारी नव्हती; त्याच्यासाठी उपासनेत इतरांच्या शेजारी बसता येणे हेच मोठे होते. अर्थात जात चर्चमध्येही शिरलीच. तामिळनाडूत तर काही ठिकाणी दफनभूमीतही तिने भिंत घातली.

टिळकांची भजने आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. परका म्हणून हिणवला गेलेला धर्म त्यांनी अभंगाच्या चालीवर आणला. ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा त्यांच्या धर्मावर बोट ठेवून काही संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, अध्यक्षपदावरून ते बोलले ते मराठीतच.