'सुटला बिचारा'

कोल्हापूरजवळ जोतिबाचा डोंगर ज्या गावात आहे, त्याचे नाव वाडी रत्नागिरी. चैत्र पौर्णिमेला येथे गुलालाने आसमंत माखतो, सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'चा गजर होतो. त्या गर्दीत एखादी आई अशीही असते, की भ्रमिष्ट झालेल्या लेकाचे चित्त ठिकाणावर यावे एवढेच तिचे मागणे असते. घाट उतरून गेले की कोकणात दुसरी रत्नागिरी लागते. तेथे शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. या रत्नागिरीपासून त्या रत्नागिरीपर्यंतचा प्रवास कित्येक घरांत कधी घडतच नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

असा लेक अकाली गेला, तर भावकी काय म्हणते? 'सुटला बिचारा.' आम्ही भाषा शिकवणारी माणसे. म्हणून हे दोन शब्द आम्हाला अधिक टोचतात. त्यांत करुणा आहे, पण चौकशीचे दारही तेथेच बंद होते. सुटकेचे कारण कोण विचारणार?

राष्ट्रीय नोंदींचा कलही याहून फार वेगळा नाही. आत्महत्या मोजल्या जातात. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे देशात सर्वाधिक. परंतु मनोरुग्ण केवळ आत्महत्येने मरत नाहीत. तीव्र मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि त्यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांचे असतात. तंबाखू, औषधांमुळे वाढणारे वजन आणि साखर, दारिद्र्य ही कारणे आहेतच. शिवाय छातीत दुखते म्हटले तरी 'हे त्याच्या मनाचे खेळ' म्हणून तक्रार बाजूला सारली जाते. आपल्या देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्क्यांना वैद्यकीय कारणाचा दाखला होता. तो असला, तरी त्यावर हृदयविकार येतो; मनाच्या आजारामुळे लांबलेला उपचार येत नाही.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने वाढलेल्या एका खासगी निवासात आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात दगावले. त्यांना आगीने मारले, की साखळीने? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीवर बंदी घातली. परंतु घरातील आडोशाची खोली कायद्याला दिसत नाही.

श्रद्धेला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात दुव्याच्या जोडीला दवा देण्याचा उपक्रम झाला. मुजावरच रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवू लागले. जोतिबाच्या पायथ्याशी असे का होऊ नये? गुरवाने अंगारा द्यावा आणि जिल्हा रुग्णालयाची वाटही दाखवावी. २०२२ पासून १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तो दीपमाळेशेजारी लिहिला, तर देवाचा कोप खचित होणार नाही.

आणि मृत्यूच्या नोंदीत मनोविकाराचा उल्लेख आवर्जून व्हावा. ज्याचे मरण मोजले जात नाही, त्याचे जगणेही कुणाच्या हिशेबात नसते. तोवर निदान आपण एक करू: पुढच्या वेळी कुणी 'सुटला बिचारा' म्हणाले, तर हळूच विचारू, 'कशाने गेला?'